वाहन आणि वार्ता

वाहनांचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. बैलगाडी दिवसाला किती कोस जाई, घोडा किती, आगगाडी तासाला किती मैल, मोटार किती, अशी चढती श्रेणी मांडली कीं काम संपलें. परंतु वाहनाचा आणखी एक इतिहास आहे आणि त्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. वाहनांत बसलेल्या माणसाला बाहेरच्या जगाचें काय ऐकूं येतें, आणि त्या माणसाविषयीं वाहनाला काय ठाऊक असतें, हा तो इतिहास. प्रस्तुत लेखकास त्याची जाणीव ग्रंथालयांत झाली नाहीं. ती एका जुन्या मोटारीनें करून दिली.

गेल्या वर्षीं आम्हीं एक वापरलेली मोटार विकत घेतली. जुनी म्हणावयाची, पण वय अवघें चार वर्षांचें. तिच्या समोरच्या फळीवर वीतभर रुंदीचा कांचेचा पडदा आहे. त्यावर नकाशा दिसतो, गाणीं लागतात, टेलिफोन येतो, पुढच्या गांवीं पाऊस आहे कीं नाहीं हेंही कळतें. माहिती आणि मनोरंजन ह्यांचे इंग्रजी शब्द एकमेकांत मिसळून अशा यंत्राला 'इन्फोटेनमेंट' असें धेडगुजरी नांव देण्यांत आलें आहे. पहिल्याच संध्याकाळीं रंकाळ्यावरून परततांना मीं मोठ्या हौसेनें पडद्यावरील घराचें चित्र दाबलें. मोटारीनें गोड आवाजांत डावीकडे वळण्यास सांगितलें. आमचें घर उजवीकडे होतें. तिच्या मतें घर म्हणजे तिच्या आधींच्या मालकाचें घर!

दुसऱ्या दिवशीं कुतूहलानें मीं आंतली यादी उघडली. पूर्वीच्या मालकाच्या फोनमधलीं नांवें तशींच राहिलीं होतीं: 'आई', 'मोठा दादा', 'दूधवाले'. शेजारीं ते कोठें कोठें गेले त्या ठिकाणांची यादी होती. तींत एका रुग्णालयाचें नांव पुनःपुन्हां आलेलें होतें. आठवड्यांतून दोनदां, कधीं तीनदां. एका तारखेनंतर तें पुन्हां आलें नव्हतें. मी त्या कुटुंबास ओळखत नाहीं. त्यांनीं मोटार कां विकली असेल, हें मात्र मला न विचारतां कळलें, निदान कळल्यासारखें वाटलें. इतक्यांत आमच्या सौभाग्यवती मागें येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, दुसऱ्याचीं पत्रं वाचूं नयेत, असं मुलांना तुम्हीच शिकवलंत ना?"

ह्या प्रश्नाला इतिहासाच्या एका अध्यापकास जें उत्तर सुचलें, तें पुढें देत आहें.

जुन्या काळीं वार्ता आणि वाहन हीं एकच होतीं. बातमी माणसाच्या किंवा घोड्याच्या पायांनीं चाले, आणि त्या पायांपेक्षां अधिक वेगानें ती कोणालाही मिळत नसे. मराठी राज्यांत जासूद, हरकारे, कासीद अशा लोकांवर राज्याचे कान अवलंबून होते. हरकारा कमरेच्या थैलींत पत्र वाहून नेई. तें वाचणें हें त्याचें काम नव्हतें, आणि पुष्कळदां त्याला वाचतांही येत नसे. पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. नानासाहेब पेशवे उत्तरेच्या वाटेवर होते. तेथें दक्षिणेकडे निघालेल्या एका सावकारी कासिदाचें पत्र त्यांच्या हातीं पडलें. पत्र सांकेतिक होतें. मोत्यें गळालीं, मोहरा गमावल्या, चांदी-तांब्याची गणतीच नाहीं, अशा अर्थाच्या व्यापारी हिशेबाच्या भाषेंत एका पिढीचा संहार त्यांत सांगितलेला होता.

ह्या प्रसंगांतील तीन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या, अशी विनंति आहे. पहिली, राज्याच्या डाकेपेक्षां सावकाराची डाक अधिक चपळ ठरली. दुसरी, लिहिणाऱ्यानें सांकेतिक भाषा योजिली, कारण पत्र वाटेंत परक्या हातीं जाऊं शकतें हें तो ओळखून होता. तिसरी, पत्र ज्याला लिहिलेलें नव्हतें त्यानेंच तें वाचलें. आज आपल्या मोटारी जें करीत आहेत, त्यांत ह्या तिन्ही गोष्टी नव्या वेषांत पुन्हां भेटतात.

तारायंत्रानें वार्ता आणि वाहन ह्यांची प्रथम ताटातूट केली. १८५५ पासून सामान्य माणसाला आपल्या देशांत तार करतां येऊं लागली, आणि माणूस जागचा न हालतां त्याचा शब्द शेंकडों कोस जाऊं लागला. टपालाच्या बाबतींत एक मर्यादाही कायद्यानें घालून दिली: १८९८ च्या टपाल कायद्यान्वयें टपालाच्या नोकरानें पत्र अनधिकारें उघडणें हा गुन्हा ठरला. सरकारला स्वतःसाठीं पळवाटा होत्या, हें खरें. परंतु वाहणाऱ्यानें वाचूं नये, हा हरकाऱ्याचा धर्म कायद्याच्या पुस्तकांत आला, ही लहान गोष्ट नव्हे.

इकडे वाहनें मात्र मुकींच राहिलीं. कोल्हापुरांत १८९१ सालीं मिरजेहून आगगाडी आली. मागाहून मोटारी आल्या. छत्रपति राजाराम महाराजांच्या काळची मेबॅक मोटार कोल्हापूरकरांना सांगावयास नको. दसऱ्याच्या सायंकाळीं ती दसरा चौकांत येते, तेव्हां तिला पाहण्यासाठीं मुलांना खांद्यावर घेऊन माणसें उभीं असतात. त्या दिमाखदार वाहनाला आपला मालक कोठें जातो, कोणाशीं काय बोलतो, ह्याची गंधवार्ता नव्हती. तें ठाऊक असे शोफराला. जुन्या संस्थानिकांच्या आणि वकील-डॉक्टरांच्या घरीं चांगल्या शोफराची पहिली कसोटी हात किती सफाईदार ही नसे. पोट किती खोल, ही असे.

मुक्या मोटारीला वाचा फुटली ती अमेरिकेंत. शिकागो येथील पॉल आणि जोसेफ गॅल्व्हिन ह्या बंधूंनीं १९३० सालीं मोटारींत बसेल असा रेडिओ बाजारांत आणला आणि त्याला 'मोटोरोला' हें नांव दिलें. दोन वर्षांनीं जर्मनींत ब्लाउपुंक्ट कंपनीनें तसाच रेडिओ काढला. आपल्याकडे मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें होतें. परंतु रेडिओ बाळगण्यास टपालकचेरींतून परवाना घ्यावा लागे, आणि मोटार हीच मुळांत मोजक्यांची चीज होती. पुढें क्रायस्लर कंपनीनें आपल्या १९५६ च्या मोटारींत चक्क ग्रामोफोन बसविला. रस्त्याच्या खड्ड्यांनीं आणि रेकॉर्डीवरच्या सुईनें एकमेकांशीं जमवून घेतलें नाहीं, आणि तो प्रयोग थोडक्यांत आटोपला. मग कॅसेट आली. आमच्या पिढीच्या मनांत मोटारींतलें संगीत म्हटलें कीं ती कॅसेट आणि गुंता झालेली फीत पेन्सिलीनें गुंडाळणारा मोठा भाऊ उभा राहतो. सांगलीचें आकाशवाणी केंद्र १९६३ सालीं सुरू झाल्यावर ह्या भागांतल्या गाड्यांना घरचा आवाजही मिळाला.

ह्या साऱ्या साधनांचा एक समान गुण होता. तीं फक्त बोलत. सांगलीच्या निवेदकाला आपलें गाणें कोणत्या मोटारींत वाजतें आहे, तिच्यांत किती माणसें आहेत, त्यांपैकीं कोण रडतें आहे, हें कळण्याचा कांहीं मार्ग नव्हता. श्रोता अज्ञात राही, आणि त्या अज्ञातपणांत त्याचें स्वातंत्र्य होतें.

ह्यानंतर मोटारीला दिशाज्ञान झालें. १९८१ सालीं जपानांत होंडा कंपनीनें पारदर्शक नकाशावर मोटारीची जागा दाखविणारें यंत्र विकावयास काढलें. तें उपग्रहावर चालत नव्हतें. मोटार किती चालली आणि किती वळली ह्याचा हिशेब आंतल्या आंत ठेवून तें जागेचा अंदाज करी. पुढें अमेरिकेच्या जी.पी.एस. उपग्रहांचा उपयोग होऊं लागला. लष्करी कारणासाठीं सामान्यांच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती १ मे २००० रोजीं काढून टाकण्यांत आली, आणि शंभर मीटरांच्या भाषेंत सांगितली जाणारी चूक दहा-वीस मीटरांवर आली. आपल्या देशानेंही २०१३ पासून स्वतःचे दिशादर्शक उपग्रह सोडले. त्या व्यवस्थेला २०१६ सालीं 'नाविक' हें नांव मिळालें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपग्रह आपल्याला वरून पाहतो आणि आपण कोठें आहों तें त्याला कळतें, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीही समजूत असते. ती चुकीची आहे. वीस हजार किलोमीटर उंचीवरून तो केवळ वेळ आणि स्वतःचें स्थान पुकारीत असतो, घंटाघराच्या घंटेसारखा. निदान चार उपग्रहांची हांक ऐकून मोटारींतलें यंत्र आपली जागा स्वतः काढतें. म्हणजे हाही एकतर्फी कारभार. नकाशा पाहणारा माणूस त्या पाहण्यापुरता तरी अज्ञातच राहूं शकतो.

मग माझ्या मोटारीनें त्या कुटुंबाची कहाणी बाहेर नेण्याइतकी शक्ति मिळविली कोठून? ह्याचें उत्तर तिच्या पोटांत आहे. १९८६ सालीं जर्मनीच्या बॉश कंपनीनें मोटारींतल्या निरनिराळ्या यंत्रांनीं एकाच तारजोडीवर एकमेकांशीं बोलावें अशी पद्धत जाहीर केली. ब्रेक, इंजिन, दारें, दिवे ह्यांच्यांत संभाषण सुरू झालें. दहा वर्षांनीं, १९९६ सालीं, अमेरिकेच्या जनरल मोटर्सनें अपघाताच्या वेळीं मोटारीनें स्वतः मदत मागावी अशी योजना मोबाईल टेलिफोनच्या साहाय्यानें पुढें आणली. २०१४ सालीं ॲपल आणि गूगल ह्या दोन कंपन्यांनीं खिशांतला फोन मोटारीच्या पडद्यावर आणण्याची सोय जाहीर केली. आणि आपल्या देशांत २०१९ च्या मे महिन्यांत ह्युंदाईची व्हेन्यू व जूनमध्यें एम.जी. कंपनीची हेक्टर ह्या मोटारी आल्या, त्यांच्या अंगांतच सिमकार्ड बसविलेलें होतें. एम.जी.नें तर आपल्या मोटारीची 'इंटरनेट कार' म्हणूनच जाहिरात केली. ब्रेक पडद्याशीं बोलूं लागला, पडदा कंपनीशीं. घंटा ऐकणाऱ्याला आतां जीभ आली होती.

ह्या जिभेनें जीव वाचतात, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. युरोपांत ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांत मोठा आघात होतांच आपोआप मदत बोलावणारी यंत्रणा सक्तीची आहे. आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून नव्यानें नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण सांगणारें यंत्र आणि संकटाचें बटण बसविण्याचा नियम झाला. रात्रीं एकटीनें प्रवास करणाऱ्या मुलीच्या आईबापांना ह्याचें मोल सांगण्याची गरज नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत पंचगंगेच्या पुरानें शिरोलीजवळ पुणें-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. अशा वेळीं पुढें पाणी आहे, मागें फिरा, असें सांगणारी मोटार ही चैन खास नव्हे.

परंतु जी जीभ मदत मागूं शकते, तीच चहाडीही करूं शकते. २०१५ च्या उन्हाळ्यांत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक ह्या दोन संशोधकांनीं सेंट लुई शहराजवळ धांवणारी एक जीप कित्येक मैल दूर घरांत बसून ताब्यांत घेऊन दाखविली. आंत बसलेल्या पत्रकाराला प्रयोगाची कल्पना होती. प्रथम थंड हवा सुटली, मग रेडिओ ओरडूं लागला, मग कांचा पुसणाऱ्या दांड्या नाचूं लागल्या, आणि शेवटीं भर महामार्गावर मोटारीचा जोर गेला. चोरवाट होती ती गाण्याच्या आणि नकाशाच्या त्याच पडद्याची. कंपनीला १४ लाख वाहनें दुरुस्तीसाठीं परत मागवावीं लागलीं.

चोराची गोष्ट निदान चोराची तरी होती. सावकाराची गोष्ट अधिक गंभीर आहे. मोझिला ह्या संस्थेनें २०२३ सालीं मोटारींच्या २५ नामांकित छापांचीं गोपनीयतेचीं धोरणें तपासलीं; एकही छाप तिच्या कसोटीस उतरला नाहीं. २०२४ च्या मार्चमध्यें असें उघडकीस आलें कीं, जनरल मोटर्सच्या मोटारी चालविणाऱ्या अमेरिकन लोकांचा तपशील, म्हणजे त्यांनीं ब्रेक किती जोरानें दाबला, केव्हां वेग वाढविला, रात्रीं किती फिरले, हा माहितीच्या व्यापाऱ्यांमार्फत विमाकंपन्यांपर्यंत पोंचत होता. कित्येकांचे विम्याचे हप्ते वाढले, आणि कां वाढले तें त्यांना बऱ्याच उशिरां कळलें. २०२५ च्या जानेवारींत तेथील व्यापार आयोगानें ह्याविरुद्ध कारवाई केली आणि अशी माहिती ग्राहकांची पत ठरविणाऱ्या संस्थांना देण्यास पांच वर्षांची बंदी सुचविली.

पानिपताच्या पत्राशीं हें ताडून पाहावें. सावकाराची डाक सरकारच्या पुढें आहे. पत्र ज्याला लिहिलें नव्हतें तो वाचीत आहे. फरक दोनच: आजचा हरकारा वाहतां वाहतां वाचतो, आणि पत्र लिहिणाऱ्याला आपण पत्र लिहीत आहों हेंच ठाऊक नसतें. तो आपल्या समजुतीनें फक्त आईला रुग्णालयांत नेत असतो.

ह्या विचारांत असतां गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही गगनबावड्यास गेलों. ज्या बावड्याची जहागीर रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याकडे होती, तेंच हें गांव. पंतांच्या नांवावर असलेलें आज्ञापत्र १७१६ च्या सुमाराचें, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकीर्दींतलें. त्यांत सावकार आणि परके टोपीकर ह्यांच्याविषयीं जो विवेक सांगितला आहे, तो मला ह्या प्रवासांत वारंवार आठवत होता. सावकार ही राज्याची शोभा. त्याच्यामुळें देशांत न मिळणाऱ्या वस्तु येतात. त्याचा मान ठेवावा, असें पंत सांगतात. टोपीकरांशींही व्यापार करावा. मात्र त्यांना वखारीसाठीं जागा देतांना सावध राहावें. समुद्रकांठीं, खाडीच्या मुखाशीं किंवा किल्ल्याजवळ तर देऊंच नये. व्यापाराला त्यांची ना नाहीं. कायमच्या ठाण्याला आहे. व्यापारी येतो माल विकावयास, आणि जागा मिळाली कीं मालक होतो, हें त्यांनीं इंग्रजी राज्य येण्याच्या शतकभर आधीं ओळखलें होतें.

माझ्या मतें आजच्या प्रश्नाचें मर्म ह्याच भेदांत आहे. मोटार विकणाऱ्यानें मोटार विकावी, नकाशा द्यावा, गाणीं द्यावीं, त्याचें मोल घ्यावें. परंतु ह्या सेवेच्या निमित्तानें त्यानें आपल्या घरगुती आयुष्यांत कायमची वखार घालावी काय? सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्याला अनुसरून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला, आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत निघून टप्प्याटप्प्यानें लागू करण्याचें ठरलें. कायद्याची मूळ कल्पना संमतीची आहे. परंतु मोटारीची किल्ली हातांत घेतांना पडद्यावर जो लांबलचक मजकूर येतो, तो न वाचतां 'मान्य' ह्या शब्दावर बोट ठेवणें ही संमति कीं शरणागति, ह्याचा निकाल कायद्याला एकट्याला लावतां येणार नाहीं.

कोल्हापूरला ह्यांत विशेष आस्था असावयास पाहिजे. शिवाजी उद्यमनगरांत आणि शिरोली-गोकुळ शिरगांवच्या भट्ट्यांत ओतलेलें लोखंड देशांतल्या मोटारींच्या पोटांत जातें. ज्यानें ओतलें त्याला तो तुकडा हातांत घेऊन त्याचा दोष दाखवितां येतो. आमचे चिरंजीव पुण्यास हिंजवडींत मोटारींचीच आज्ञावली लिहितात. त्यांना मीं विचारलें, "माझ्या मोटारीनें काय काय पाठविलें, तें तुला दाखवितां येईल का?" ते थोडे थांबून म्हणाले, "बाबा, पडद्यावरचं पुसून देतों. पलीकडे काय गेलं, तें मलाही सांगतां येणार नाहीं." लोखंडाचा दोष दिसतो, स्मृतीचा दिसत नाहीं. म्हणून ज्याप्रमाणें मोटारीच्या धुराची तपासणी होऊन दाखला मिळतो, त्याप्रमाणें तिच्या स्मृतीचीही तपासणी व्हावी. मोटार विकली जातांना पहिल्या मालकाची माहिती पडद्यावरून आणि पडद्यापलीकडूनही पुसल्याचा दाखला नव्या मालकाच्या हातीं पडावा, अशी माझी सूचना आहे. ती फार मोठी आहे असें मला वाटत नाहीं.

गगनबावडा ओलांडून करूळ घाटाच्या तोंडाशीं पोंचलों, आणि धुक्यांत मोटारीचा इंटरनेटशीं संबंध तुटला. गाणें थांबलें, पडद्यावरचें चाक फिरत राहिलें. जवळच एक चहाची टपरी होती. घाट मोकळा आहे का, म्हणून मीं टपरीवाल्याला विचारलें. त्यानें घाटाचा हालहवाल तर सांगितलाच, शिवाय कोणत्या गांवचे, पाहुणे कोणाचे, एवढ्या पावसांत कशाला निघालां, हेंही विचारून घेतलें. माहिती त्यानेंही गोळा केली. पण माझ्या तोंडाकडे पाहून, आणि स्वतःची चार शब्द देऊन.

चहा होईपर्यंत चिरंजीवांनीं ती जुनी यादी पुसावयास घेतली. सर्व पुसावें काय, असें यंत्रानें इंग्रजींत विचारलें. 'आई' हें नांव अजून पडद्यावर होतें. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. आमच्या सौभाग्यवती मागच्या आसनावरून म्हणाल्या, "पूस बाळा. आपलं नव्हेच तें." त्यांनीं बोट ठेवलें, आणि पडदा रिकामा झाला.